भेळेचा तास

बाई,

काल आमच्या शाळेत भेळ झाली. तुमचीच भेळ, चिंचेच्या पाण्यासकट आणि क्रियापदांसकट. सहावीच्या पोरांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या, प्रिन्सिपल मॅडमनी उभ्या उभ्या दोन चमचे खाऊन 'वॉव' म्हटलं, आणि दुपारच्या मीटिंगमध्ये सगळ्या स्टाफने टाळ्या वाजवल्या त्या माझ्यासाठी. मी त्या घेतल्या. नुसत्या घेतल्या नाहीत, उभा राहून घेतल्या. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत तुमच्यासाठी दोन ओळी लिहाव्यात असं कधी सुचलं नाही, आणि आज सकाळी चहा झाल्या झाल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसलोय. बायकोने विचारलं, "कसलं एवढं लिहिताय?" म्हटलं, पेपर काढतोय. "रविवारी?" म्हणाली आणि कुकर लावायला गेली. बघा, सुरुवातच थापेने झाली.

मी आता खराडीत असतो. काचेच्या कंपन्यांच्या मागे एक मोठी इंग्लिश मीडियम शाळा झालीय, तिथे इंग्रजीचा विभागप्रमुख. तुम्ही एकदा म्हणाला होतात, नगर रोडला शहर संपलं की माणूस दोन पेरू घेतो आणि परत फिरतो. आता शहर संपतच नाही आणि पेरू मॉलमध्ये मिळतो. आमच्या वर्गात फळा नाही, भिंतीएवढा पडदा आहे. त्याला बोट लावलं की क्रियापदं नाचत येतात. 'रन' पळतं, 'जंप' उडी मारतं, 'स्लीप' घोरतं. पहिल्या दिवशी पोरं हसली, तिसऱ्या दिवशी 'स्लीप'च्या बरोबरीने तीही पेंगायला लागली. विशेषणांना रंग दिलेत, क्रियाविशेषणांना शेपट्या लावल्यात. चाचणी घेतली की सगळ्यांच्या खुणा बरोबर येतात, आणि बाहेर पाऊस कसा पडतोय ते सांग म्हटलं की एकाला धड वाक्य येत नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. पण पडदा महागाचा, पालक खूश, मग आपण कशाला तोंड उघडा, असं माझं चाललेलं.

मी तुमच्या वर्गात आलो तो पाचवीत. लोणी काळभोरहून शहरात मामाकडे शिकायला आणून टाकलेला, डोक्याला पळीभर तेल, पाटीवरचं इंग्रजी अक्षरसुद्धा आयुष्यात न बघितलेला. तेव्हा इंग्रजी पाचवीपासूनच सुरू व्हायचं, त्यामुळे तसे सगळेच कोरे होते, पण पेठेतली पोरं कोरी असली तरी ऐटीत कोरी होती. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला उभं केलंत आणि खिडकीकडे बोट दाखवून विचारलंत, "व्हॉट इज धिस?" मी म्हटलं, "मला येत न्हाय." वर्ग फुटला. मागून कुणीतरी 'न्हाय, न्हाय' करत म्हशीसारखा आवाज काढला. तुम्ही खडू खाली ठेवलात. ओरडला नाहीत. तुमचा आवाज कधी चढायचाच नाही, तोच तर त्रास होता. "तो 'न्हाय' म्हणतो, तुम्ही 'नाही' म्हणता," तुम्ही म्हणालात, "इंग्रजी दोघांनाही येत नाही. बसा खाली." मग माझ्याकडे वळून, "आणि तू काय रे बघतोस टकामका? विंडो. म्हण." मी म्हटलं. त्यानंतर माझ्या बोलण्याला वर्गात कुणी हसलं नाही. मधल्या सुट्टीत हसत असतील, पण तुमच्या कानावर जाईल असं हसायची कुणाची छाती नव्हती.

भेळेचा तास यायचा तो दिवाळीच्या सुट्टीनंतर. आदल्या दिवशी तुम्ही फळ्यावर यादी लिहायचात, आणि कुणी चुरमुरे, कुणी फरसाण, कुणी कांदे, कुणी कोथिंबिरीची जुडी, असं वाटून द्यायचात. सुऱ्या घरून वर्तमानपत्रात गुंडाळून आणायच्या. तुमच्या घरचं मोठं पातेलं टेबलावर, आणि नियम एकच, 'आधी बोला, मग करा. न बोलता केलेलं काम परत.' म्हणजे 'आय चॉप' म्हटल्याशिवाय कांद्याला सुरी लावायची नाही, 'आय स्क्वीझ' म्हटल्याशिवाय लिंबू पिळायचं नाही. हात हलला की क्रियापद. मग डोळ्यांवर रुमाल बांधून जिभेवर चिंच, गूळ, मिरचीचं टोक. जे तोंडातून पहिलं बाहेर पडेल ते विशेषण, मराठीत पडलं तरी चालेल, त्याचं इंग्रजी तुम्ही पुरवणार. आणि सगळ्यात शेवटी चिठ्ठ्यांचा डबा. त्यात क्रियाविशेषणं. चिठ्ठीत निघेल तसं काम करायचं. वर्गातल्या सगळ्यात हसऱ्या पोराला 'सॅडली' निघालं आणि त्याने कांदा असा रडत रडत चिरला की तुम्हीसुद्धा पदर तोंडाला लावलात. मला निघालं 'प्राउडली', आणि काम होतं लिंबू पिळायचं. मी लिंबू धरून उभा. गर्वाने लिंबू कसं पिळतात, बाई? तुम्ही विचारलंत, "तुझे वडील नवा बैल घेऊन बाजारातून येतात, तेव्हा गावातून कसे चालतात?" मी छाती काढली, मान वर केली, आणि पिळलं. वर्ग हसला, पण ते हसणं वेगळं होतं. मी पण त्यात होतो.

तेवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण तुम्ही मला आठवीपासून दर रविवारी सकाळी घरी बोलवायला लागलात. शिकवणी नाही म्हणायचात, 'सोबत' म्हणायचात. तुमच्या त्या दोन खोल्यांतल्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसायचो, तुम्ही पोळ्या करायचात, आणि मी तुमच्या हातांकडे बघून तुम्ही जे कराल ते इंग्रजीत बोलत राहायचं. बाई पीठ मळतायत. बाई पोळी लाटतायत. बाई भराभर पोळी लाटतायत. थांबलो की लाटणं थांबायचं. "बोल रे, पोळी करपेल." माझ्या चुकलेल्या वाक्यापायी खरोखर करपलेल्या पोळ्या तुम्ही स्वतः खायचात आणि मला चांगल्या वाढायचात. आज मी दोनशे पालकांपुढे न अडखळता तासभर इंग्रजीत बोलतो, लोक विचारतात कुठल्या कॉन्व्हेंटचे तुम्ही, आणि मी हसतो. त्या हसण्याची मला अलीकडे शिसारी येते.

बी.एड. झाल्यावर मला तुम्हीच आपल्या शाळेत चिकटवलंत. मुख्याध्यापकांना म्हणालात, "पोरगा माझा आहे. वाईट निघाला तर मला सांगा." पहिल्या दिवशी शिक्षक खोलीत आल्या आल्या तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत, "अरे, डबा आणलास का?" आणि मला कसंसंच झालं. मी इस्त्रीचा शर्ट घातलेला, पेन खिशाला लावलेलं, आणि तुम्ही मला अरे म्हणताय. पुढे सात वर्षं तेच. "अरे, त्या सातवी 'ब'कडे बघ." "अरे, खडूने बरबटलायस, झटक." बाकीचे शिक्षक मजेत हसायचे. मला मनातून वाटायचं, बाईंनी आता तरी अहो म्हणावं. आता मी काय तुमच्या वर्गातला तेलकट पोरगा आहे का? असं वाटायचं मला. लिहितानाही लाज वाटते, पण वाटायचं.

मग आपल्या शाळेत सेमी इंग्लिशचं वारं आलं. गणित-विज्ञान इंग्रजीतून, त्यासाठी नव्या तुकड्या, आणि त्या तुकड्यांना 'अस्खलित' इंग्रजी शिक्षक हवेत असं संस्थेचं म्हणणं. मला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथून मी जीभ वळवूनच आलो. मला तिथे पहिल्यांदा कळलं की 'व्हेजिटेबल'मध्ये टेबल नसतं. आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी घाम फुटला, कारण मी आयुष्यभर टेबल घालूनच म्हणत आलेलो, आणि ते टेबल माझ्या तोंडात कुठून आलं तेही मला नीट ठाऊक होतं. परत आल्यावर मुख्याध्यापकांनी बोलावलं. म्हणाले, "नव्या तुकड्यांवर कोण चालेल ते तुम्ही तास बघून लिहून द्या. तुम्ही शिकून आलायत. आणि तिकडचं सगळं पुढे तुम्हीच बघणार आहात, ते लक्षात ठेवून लिहा." लक्षात ठेवलं मी.

तुमचा तास होता बुधवारी, सहावीवर. तुम्ही माझ्यासाठी भेळेचा तास ठेवलात. दिवाळी नव्हती की काही नव्हतं, जुलै महिना, तरी ठेवलात, कारण बघायला मी येणार होतो. मी मागच्या बाकावर वही मांडीवर घेऊन बसलो आणि तुम्ही पोरांना सांगितलंत, "मागे बसलाय ना, तो माझा विद्यार्थी. त्याने पण इथेच लिंबू पिळलंय." पोरांनी माना वळवून बघितलं. मी वहीत डोकं घातलं. तास काय झाला ते मी काय सांगू? सगळी पोरं बोलत होती. एकूण एक. कोपऱ्यातली एक मुलगी, जी पाचवीत माझ्या तासाला वर्षभर तोंड उघडत नव्हती, ती चिंच जिभेवर ठेवल्यावर 'सावर, सावर' म्हणून नाचत होती, आणि तुम्ही तिला म्हणालात, "व्हेरी सावर ऑर अ लिटल सावर? नीट सांग, बये." 'सावर' म्हणालात. 'व्हेजी-टेबल' म्हणालात. दोनदा म्हणालात. मी दोन्ही वेळा वहीत रेघ मारली.

आणि मग खाली लिहिलं. उच्चार सदोष. वर्गात गोंगाट. मराठीचा अतिवापर. पद्धत मनोरंजक, परंतु जुनी. नव्या तुकड्यांसाठी शिफारस करता येत नाही. खाली माझी सही, लफ्फेदार. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच असणार. का लिहिलं, हे मी स्वतःला बरीच वर्षं वेगवेगळं सांगत आलो. कधी म्हटलं, मुख्याध्यापकांचा दबाव होता. कधी म्हटलं, मुलांच्या भल्याचं होतं. ते सगळं झूट आहे, बाई. मला विभागाचं पद हवं होतं हे एक. आणि दुसरं असं की तुम्ही नव्या तुकडीवर आलात, संस्थेच्या लोकांनी तुमचं इंग्रजी ऐकलं, तर त्यांना माझं इंग्रजी कुठून आलंय ते कळलं असतं. मला तुमची लाज वाटली. हे मी आज पहिल्यांदा शाईने लिहितोय.

निरीक्षणाची वही ज्याची त्याला वाचायला द्यायची, आणि त्याने खाली 'वाचले' लिहून सही करायची, अशी पद्धत. ती स्वतः आणून द्यायचीही माझी हिंमत झाली नाही, शिपाईमामांच्या हाती पाठवली. मधल्या सुट्टीत तुम्ही वही घेऊन शिक्षक खोलीत आलात. चष्मा लावून पुन्हा एकदा सावकाश वाचलंत, सही केलीत, पेनाला टोपण लावलंत आणि वही माझ्यापुढे ठेवलीत. "आपण लिहिलंय ते बरोबर आहे," म्हणालात. "माझे उच्चार कच्चेच आहेत. आपल्या लक्षात आलं, बरं झालं." खोलीत डबे उघडले होते. पी.टी.चे सर हसत म्हणाले, "काय बाई, पोराला आपण?" तुम्ही त्यांच्याकडे बघून शांतपणे म्हणालात, "निरीक्षक आहेत ते. निरीक्षकांना अरे म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही." आणि खुर्चीत बसून तुमचा डबा उघडलात. सात वर्षं ज्या मानासाठी मी आतून चडफडत होतो तो मला मिळाला, आणि त्या क्षणाला मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुमचे इंग्रजीचे सगळे तास काढले. नुसते नव्या तुकड्यांचे नाहीत, होते तेही. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना तुम्हाला कार्यानुभव दिला आणि ग्रंथालयाची किल्ली दिली. पोरं तुम्हाला जिन्यात अडवून विचारायची, बाई, भेळ कधी? तुम्ही सांगायचात, "ती आता अभ्यासक्रमात नाही." आणि मला, आपण. सकाळी भेटलो की "आपण लवकर आलात." डबा पुढे केला की "आपण घ्या, माझं झालं." एका शब्दाचीही कुरकूर नाही, टोमणा नाही. मी मुद्दाम तुमच्यासमोर चुका करून बघितल्या. एकदा पोरांना चुकीची तारीख सांगितली, म्हटलं आता तरी म्हणाल, गाढवा, लक्ष कुठाय? तुम्ही म्हणालात, "आपलं लक्ष नव्हतं वाटतं." दोन वर्षांत एकदा, एकदा जरी तुम्ही मला शिवी दिली असतीत ना, बाई, तर मी तुमच्या पायावर डोकं ठेवलं असतं. निदान मी स्वतःला तसं सांगतो.

आजारी पडलात तेव्हा मी भेटायला आलो होतो, आठवतंय? तुमच्या भाचीने दार उघडलं. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होतात, हात इतके बारीक झाले होते की बांगड्या काढून ठेवल्या होत्या. मी स्टुलावर बसलो. घरून पाठ करून आलो होतो काय बोलायचं ते. "बाई, त्या वहीत मी," एवढं म्हटलं आणि तुम्ही म्हणालात, "आपण चहा घेणार ना?" चहा घेतला. बशीत ओतून घेतला, भुरके मारले, पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि निघालो. जिन्यात बसून रडलो थोडा, ते काही मोठं काम नव्हे. महिन्याभरात तुम्ही गेलात. शाळेत शोकसभा झाली. मी तुमचा लाडका विद्यार्थी, म्हणून मला बोलायला लावलं. मी सांगितलं की शेवटच्या भेटीत बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अरे, पोरांना नीट शिकव." सगळ्यांनी डोळे पुसले. मी पण पुसले. तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात हे त्या सभागृहात मला एकट्यालाच माहीत होतं.

हे सगळं माझ्याबरोबर गपचूप गेलं असतं. पण यंदा आमच्याकडे सहावीला एक नवीन मिस आली. वाघोलीच्याही पलीकडच्या गावची, शेतकऱ्याघरची, पहिली नोकरी, वर्षभर प्रोबेशनवर. वर्गात कमी इंग्रजी बोलते आणि जे बोलते ते घाबरून. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी तिच्या तासाचा आवाज टाकला, खाली हसणारी तोंडं, आणि 'ह्यासाठीच का फी भरतो आम्ही?' वगैरे. प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावून फॉर्म दिला. तास बघा, कायम करायचं की नाही ते लिहा. मी गेलो, मागे बसलो. ती पडद्यावरची विशेषणं वाचून दाखवत होती, घामाने तिची ओढणी मानेला चिकटलेली, आणि पोरं एकमेकांना कोपराने ढोसत होती. तास संपल्यावर ती माझ्यामागे धावत आली. "सर, माझं काय चुकतंय ओ? मला येतं हाय सगळं, पण त्यांच्या डोक्यात जात न्हाय." आणि एकदम जीभ चावून, "नाही. जात नाही."

का कोण जाणे, मी तिला तिथेच कॉरिडॉरमध्ये भेळेचा तास सांगितला. सगळा सांगितला. आधी बोला मग करा, डोळ्यांवर रुमाल, चिठ्ठ्यांचा डबा. ऐकता ऐकता तिचा चेहरा असा उजळला की मी बोलतच राहिलो. तिने काल तो घेतला. मी दाराच्या काचेतून बघत होतो. पोरं 'आय ग्रेट, आय ग्रेट' करत कैरी किसत होती, एका पोराला 'अँग्रिली' चिंचेचं पाणी ढवळायचं होतं, अर्धं त्याच्या शर्टावर. ती मध्ये उभी, बाह्या वर करून, न घाबरता बोलत होती. चुका करत होती आणि बोलत होती. कांद्याचा वास मजलाभर पसरला तेव्हा प्रिन्सिपल मॅडम आल्या, व्हिडिओ काढला, ग्रुपवर टाकला. ज्यांनी हसणारी तोंडं टाकली होती त्यांनीच टाळ्यांचे हात टाकले. मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, "हूज आयडिया?" तिने माझ्याकडे बोट केलं. "सरांची."

दोन शब्द होते, बाई. 'माझ्या बाईंची.' तेवढे म्हणायचे होते. माझं तोंड उघडलं होतं. पण लगेच डोक्यात आलं, कोण बाई, कुठली शाळा, म्हणजे तुम्ही मराठी मीडियमचे का सर? आणि मी उभा राहिलो, मान लववली आणि म्हटलं, "थँक यू." टाळ्या बऱ्याच वेळ वाजल्या.

शाळा सुटल्यावर ती पोरगी जिन्यात थांबली होती. म्हणाली, "सर, खरं सांगा, तुम्ही लहान असताना तुमच्या वर्गात केली होती ना अशी भेळ? असं मनानं कुणाला सुचत न्हाय." पोरगी हुशार आहे. मी म्हटलं, "हो, आमच्या एक बाई होत्या." ती म्हणाली, "त्यांचं इंग्लिश लई भारी असंल." आणि बाई, मी काय म्हणालो सांगू? म्हटलं, "छे. यथातथाच होतं." सहज म्हटलं. इतक्या सहज की काय म्हटलं ते म्हटल्यावर मला कळलं. तिचा सगळा चेहरा हसला. "मग मला जमंल, सर," म्हणाली आणि दोन दोन पायऱ्या उतरत गेली. मी कठडा धरून उभा राहिलो. मी तुमची किंमत कमी केली होती आणि तिने त्यातून तुम्हाला बरोबर उचलून घेतलं. तुमची खरी विद्यार्थिनी ती आहे, तुम्हाला न बघता. मी तुमच्या हातच्या पोळ्या खाऊनही होतो तिथेच राहिलो.

तिला कायम करावं असं मी फॉर्ममध्ये लिहून दिलंय, काल संध्याकाळीच. त्याबद्दल मला बरं म्हणू नका. व्हिडिओ मॅडमना आवडल्यावर लिहिलं, त्यात कसली आलीय छाती? ज्या दिवशी तिचा तास बघितला त्याच दिवशी, तिला भेळ सांगून खोलीत आल्यावर, मी फॉर्म पेन्सिलीने भरून ठेवला होता. उच्चार सदोष, शिफारस करता येत नाही. वीस-बावीस वर्षांनी तीच वाक्यं, हात अडखळलासुद्धा नाही. काल ती खोडरबराने खोडली आणि वरून पेनाने लिहिलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमच्या खोल्यांत आता दुसरं कुटुंब राहतं, भाचीचा पत्ता मी कधी विचारून घेतला नाही. वहीतच राहील. मला वाटलं होतं, सगळं लिहून काढलं की हलकं वाटेल. तसं काही झालेलं नाही, उलट बारा वाजत आले आणि जेवायची इच्छा नाही. उद्या सोमवार. मॅडमनी सांगितलंय, सगळ्या स्टाफसमोर मी भेळेच्या तासाबद्दल दहा मिनिटं बोलायचं, कल्पना कशी सुचली ते सांगायचं. तुमच्याबद्दल सांगेन, असं मी इथे लिहू शकतो, वहीत लिहायला काय जातं? पण तुमच्याशी आणखी एक थाप नको. मी सांगेन की नाही, मला माहीत नाही, बाई.